दोन पायांचा रोग

१

आमच्या भागात ऑटोमॅटिक गाडी घेणाऱ्या दहा माणसांतल्या तिघांना तरी एक रोग होतो. त्याचं नाव मीच ठेवलंय, दोन पायांचा रोग. माणूस वीस वर्षं जीप नाहीतर उसाचा ट्रक चालवून आलेला असतो आणि त्याच्या डाव्या पायाला क्लचची सवय असते. नव्या गाडीत क्लचच नसतो. मग तो रिकामा पाय ब्रेकवर जाऊन बसतो. उजवा म्हणतो चल, डावा म्हणतो थांब, आणि दोघांच्या भांडणात मधल्यामध्ये गिअरबॉक्स भाजून निघतो. पाचवडच्या एका बागायतदाराला मी डावी चप्पल काढून, पाय सीटखाली दुमडून बसायला लावलं, तेव्हा कुठं त्याची गाडी सुधारली. गडी अजून तसाच बसतो आणि मला शिव्या देतो.

मी धनाजी. शिरवळला हायवेच्या कडेला माझं गॅरेज आहे, आणि पाटीवर फक्त एवढंच लिहिलंय: ऑटोमॅटिक गिअरबॉक्स. अकरा वर्षं पुण्यात हेच काम केलं. इकडच्या गॅरेजवाल्यांनी ऑटोमॅटिक म्हटलं की हात जोडायचे आणि गाडी पुण्याला धाडायची, याचा मला राग होता. म्हणून गावाकडं आलो. लोक म्हणाले, घोड्यापुढं गाडी बांधतोय. बांधली तर बांधली.

ती राखाडी गाडी टेम्पोच्या पाठीवरून आली तेव्हा माझे हात शिवशिवायला लागले. दहा वर्षांची, पण अंगावर एक ओरखडा नाही, आतल्या चटया झटकलेल्या. गिअर पडत नव्हता. तेल काढलं तर काळंकुट्ट, जळक्या वासाचं. गिअरबॉक्स उतरवून उघडला आणि आतल्या प्लेटा हातात घेतल्या. पापडासारख्या भाजलेल्या होत्या. चाकांचे ब्रेकही पार झिजलेले. मला वेगळं काही तपासायचीच गरज नव्हती. मी टेम्पोवाल्याकडून मालकाचा नंबर घेतला आणि रुबाबात फोन लावला.

"साहेब, गाडी बरी होईल. पण चालवणारा डाव्या पायानं ब्रेक दाबून चालवतोय. त्याला आधी समज द्या."



"गाडी मीच चालवतो," पलीकडून आवाज आला. "उद्या येतो."

२

दुसऱ्या दिवशी सकाळी भाड्याच्या जीपमधून दोघं उतरली. तो माणूस सहा फुटी, पांढऱ्या मिशांचा, ताठ. सैन्यातून सुभेदार म्हणून निवृत्त झालेले उदयसिंह. खंडाळ्याच्या अलीकडं त्यांची वस्ती. सोबत त्यांची बायको, बनुबाई, बारीक चणीच्या, डोक्यावरून पदर, पावलं सुजलेली. मी खुर्च्या दिल्या.

सुभेदारांनी माझ्या टेबलावरचा पाना उचलला आणि स्वतःच्या डाव्या नडगीवर दोनदा वाजवला. टक टक.

"ह्यो पाय दाबतोय म्हणतोस व्हय रं?"

गुडघ्याखाली पाय कृत्रिम होता. मी ओशाळलो. पण मी मेकॅनिक आहे, लाज फार वेळ टिकत नाही. मी म्हणालो, "साहेब, रागावू नका. कृत्रिम पाय जड असतो. ब्रेकवर टेकत असंल, तुमाला कळत नसंल."

"गाडीत बसलो की काढून मागच्या सीटवर ठेवतो. मांडी आखडती त्यानं." त्यांनी पाना जागच्या जागी ठेवला. "बावीस वर्षं झाली, गड्या. त्या पायाचं हाड बी न्हाई आणलं परत."

माझा पहिला विचार काय होता ते खरं सांगतो. वाईट वाटणं वगैरे नंतर. आधी मला आनंद झाला. रोग दोन पायांचा आणि रोग्याला पाय एक. असली केस पुण्यात अकरा वर्षांत बघितली नव्हती.

बनुबाईंनी तेवढ्यात हळूच विचारलं, "किती दिस लागतील, भाऊ? माजं डायलिसिस असतंय. सोमवार, बुधवार, शुक्रवार. साताऱ्याला."

"कुणाच्या गाडीची वाट बघत बसायची न्हाई मला," सुभेदार म्हणाले. "तिला मीच नेणार. चार वर्षं मीच नेतोय. एक खेप चुकली की तिला झोपता येत न्हाई, छातीत पाणी भरतंय. वाटेत कुटं गाडी बसली तर काय करायचं, सांग."

मी सांगितलं, आठ दिवस. आणि गाडी वाटेत बसणार नाही, हा माझा शब्द.

३

ते आठ दिवस मी उड्या मारत काम केलं. सगळ्या प्लेटा बदलल्या. तेलाच्या वाटांचा जो धातूचा ठोकळा असतो, त्यातलं एकेक भोक धुऊन वाऱ्यानं साफ केलं. चाकांचे ब्रेक नवे टाकले. ब्रेकच्या पेडलमागं मागचे लाल दिवे लावणारा एक छोटा स्विच असतो. तोही बदलला, कारण माझं डोकं तिथंच अडकलं होतं. मग सुभेदारांच्या नडगीवरची ती टकटक आठवली की हसू यायचं. यंत्र खोटं बोलत नाही, माणूस बोलतो, असं मला माझ्या उस्तादानं शिकवलं होतं.

मधल्या शुक्रवारी भाड्याची जीप आलीच नाही. बनुबाईंची एक खेप चुकली. शनिवारी सुभेदारांचा फोन आला, ते काही रागावले नाहीत. नुसतं म्हणाले, "रातभर बसून हुती." तो फोन माझ्या मनाला लागला. मी त्या दिवशी जेवायला घरी गेलो नाही.

मंगळवारी गाडी उभी राहिली. मी एकटाच घेऊन खंबाटकी घाट चढलो, बोगद्यातून परत आलो, पुन्हा चढलो. गिअर असे पडत होते की कपातला चहा हलला नसता. गाडीत मी एकटा गात होतो. माझा आवाज बेसूर आहे, पण ऐकणारं कोण होतं.

संध्याकाळी सुभेदार गाडी घेऊन गेले. जाताना त्यांनी कृत्रिम पायाचे पट्टे सोडले, पाय मागच्या सीटवर आडवा ठेवला, रिकामी विजार गुडघ्याजवळ दुमडून तिला पिन लावली. सगळं सवयीनं, माझ्यासमोर.

४

बुधवारी मी मोटारसायकल काढली आणि त्यांच्या मागं निघालो. त्यांना सांगितलं नाही. आपलं काम चालताना लांबून बघायला मिळणं ही मेकॅनिकची हौस असते, पोराला शाळेच्या गॅदरिंगात बघावं तशी.

घाट सुरू झाला. राखाडी गाडी माझ्यापुढं झोकात चढत होती. दुसऱ्या वळणाला तिचे मागचे लाल दिवे लागले.

वळण आहे, ब्रेक लावला असेल. पण वळण संपलं तरी दिवे तसेच. चढावर गाडीला कुणी ब्रेक लावतं का? ती तर आपोआप मागं ओढली जाते. दिवे लागलेले, आणि इंजिनाचा आवाज वाढत चाललेला, म्हणजे वरून गॅसही दिलेला, ॲक्सिलरेटर दाबलेला. उजवा म्हणतो चल, डावा म्हणतो थांब. अगदी तोच रोग, माझ्या डोळ्यांसमोर, नव्या प्लेटांवर.

घाटमाथ्यावर मी त्यांना हात करून थांबवलं. बॉनेटमधून तो ओळखीचा जळका वास यायला लागला होता.

"काय रं, तू हितं?" सुभेदार म्हणाले.

"साहेब, मला गाडीत घ्या. स्कॅनर लावतो."

बनुबाई काही न विचारता उतरून मागं जाऊन बसल्या, त्या पायाशेजारी. मोटारसायकल मी चहाच्या टपरीवर लावली. स्कॅनर म्हणजे फोनएवढं यंत्र, गाडीला जोडलं की ती क्षणाक्षणाला काय करतेय ते आकड्यांत दिसतं. मी पुढं बसलो. चोर आता सापडणारच होता.

सुरूर गेलं. ब्रेक शून्य. भुईंजच्या अलीकडं आकडा हलला. ब्रेक चालू. दाब वाढतोय.

मी खाली बघितलं. उजवा बूट गॅसवर, स्थिर. त्याच्या डावीकडं दुमडलेली विजार, पिन, आणि त्याखाली मोकळी जागा. ब्रेकचं पेडल तीन बोटं खाली गेलेलं होतं. त्याच्यावर काहीच नव्हतं.

मी ते पाच-सहा सेकंद बघितलं असेल. मग पेडल वर आलं. झटक्यानं नाही, सावकाश, कुणी पाय उचलावा तसं.

माझ्या डोक्यानं लगेच कारण हजर केलं. ब्रेकला जोर देणारा एक गोल डबा असतो, बूस्टर. तो बिघडला तर पेडल आपोआप ओढलं जाऊ शकतं, पुस्तकात लिहिलंय. मी स्वतःला म्हणालो, बूस्टर. मोठ्यानं म्हणालो. सुभेदारांनी माझ्याकडं एकदा बघितलं आणि परत रस्त्याकडं.

साताऱ्यापर्यंत मी मोजत गेलो. एकोणीस वेळा. हायवे सोडून वाढे फाट्याला वळलो तेव्हा सगळ्यात जोरात. दुपारी बनुबाईंना घेऊन परत येताना मी पुन्हा डोळ्यांत तेल घालून बसलो.

एकदाही नाही.

येताना बोगदा आहे, चढ नाही, असंही कारण मी हजर केलं. पण भुईंज काही चढावर नाही.

५

बूस्टर त्याच संध्याकाळी काढून तपासला. ठणठणीत होता. तरी मी नवा टाकला. शुक्रवारी पुन्हा बरोबर गेलो. जाताना बावीस वेळा. येताना शून्य.

आता माझी झोप उडाली होती, पण भीतीनं नव्हे, हे कबूल करतो. मला कुणीतरी कोडं घालतंय आणि त्याच्या उत्तराजवळ मी आलोय, अशी ती चढलेली नशा होती. भीती तिच्यामागं उभी होती, पण तिला पुढं यायला जागा मिळत नव्हती.

दवाखान्याच्या आवारात बनुबाई आत यंत्राला लावलेल्या, आम्ही दोघं लिंबाखाली गाडीत बसलेलो. मी विचारलंच.

"साहेब, तो पाय कधी जाणवतो का?"

"अंगठा खाजतो. पावसाळ्यात जादा. डाक्टर म्हणतात व्हतंय तसं."

"आणि गाडी चालवताना?"

त्यांनी काच खाली केली. बाहेर कुणाचं तरी पोर रडत होतं.

"तुला म्हणून सांगतो. हिकडं येताना मला रोज गाडी थांबवावी वाटती. रोज. ह्या दारातनं तिला आत सोडतो आन चार तास हितं बसतो. एक दिस ते येऊन सांगतील, सुभेदार, आता तुमी एकटंच जावा." त्यांनी काच परत वर केली. "मी सीमंवर कवा भ्यालो न्हाई, धनाजी. ह्या रस्त्याला भितो. पर थांबवून कसं चालंल? ती बाजूला बसलेली असती. मग गॅस देतो. वाटून काय व्हतंय?"

मला त्यांच्या खांद्यावर हात ठेवावासा वाटला. ठेवला नाही, कारण माझी नजर पुन्हा खाली गेली होती. बंद गाडीत पेडल जागच्या जागी होतं. मला फार वाईट वाटत होतं आणि मी आकडे मोजायला तयार होऊन बसलो होतो, दोन्ही एकदम. असा मी आहे.

एकोणीसचे बावीस झाले होते, रोग वाढत चालला होता; या वेगानं नव्या प्लेटा महिनाभर टिकल्या असत्या, जास्त नाही. मग कुठल्यातरी वळणावर गाडी बसणार, आत बनुबाई. माझा शब्द होता.

पाचवडच्या बागायतदाराला मी काय केलं होतं? पायाला जागाच ठेवली नव्हती.

६

माझ्या शेजारी गुंडा नावाच्या वेल्डरचं दुकान आहे. मिरजेकडचा माणूस, पन्नाशीचा, कमी बोलणारा. मी त्याला खडूनं फरशीवर काढून दाखवलं. पेडलच्या डाव्या बाजूला तळापासून वर एक जाड पत्रा, कुंपणासारखा उभा. उजवा पाय गॅसवरून ब्रेकवर जाईल, पण डावीकडून काही आत येणार नाही.

गुंडानं चष्म्यावरून बघितलं. "सुभेदारांची गाडी न्हवं ही? त्यांचा डावा पाय तर..."

"बनव तू."

"पर अडवायचं कुणाला?"

"गुंडा, बनव."

त्यानं बनवला. फार सुरेख काम केलं, कडा घासून गोल केल्या, काळा रंग दिला. मी बोल्ट आवळले, हलवून बघितलं. हललं नाही. सुभेदारांना सांगितलं की पेडलला आधार दिलाय. त्यांनी पत्र्यावर बोट फिरवलं.

सोमवारी मी मागच्या सीटवर बसलो, मांडीवर स्कॅनर, शेजारी कृत्रिम पाय. पुढं ते दोघं. आभाळ निवळलं होतं, घाटात ऊन होतं. पहिलं वळण, ब्रेक शून्य. दुसरं वळण, शून्य. गिअर लोण्यातून सुरी जावी तसे पडत होते. घाटमाथा आला, शून्य. सुरूर, शून्य. भुईंजला मी श्वास रोखला. शून्य.

"कशी काय चालतीय, साहेब?" मी विचारलं. मला ओरडावंसं वाटत होतं. हायवेवरच्या प्रत्येक गॅरेजवाल्याला थांबवून सांगावंसं वाटत होतं की बघा, धनाजीनं काय केलंय.

"लय हलकी झाली," सुभेदार म्हणाले. पण त्यांच्या मानेवर घाम आला होता. एसी चालू होता आणि कॉलरची कड ओली झाली होती. डावी मांडी सीटवरून किंचित वर उचललेली होती, ताणलेली.

लिंब फाटा गेला. बनुबाईंनी चपला काढून बाजूला सारल्या आणि दोन्ही पाय वर घेतले, घरात पाटावर बसतात तशा सीटवर मांडी घालून बसल्या. सुजलेल्या पायांना त्रास होत असेल, मला वाटलं. मग लक्षात आलं की त्या खाली बघतायत. घरात कुणी झोपलेलं असताना आपण पाय जपून टाकतो, तशा त्या पाय जपून बसल्या होत्या.

मी दोन सीटांच्या मधून वाकलो.

त्यांच्या बाजूला, जिथं त्यांचे पाय असायला हवे होते, तिथं काळी रबरी चटई होती. चटईत एक खळगा पडलेला होता. टाचेचा एक गोल, पुढं चवड्याचा रुंद दाब, आणि अंगठ्याचा वेगळा. मोठं पाऊल होतं, सहा फुटी माणसाचं. पाऊल डावं होतं. मी बघत असताना खळगा खोल गेला, थरथरला, थोडा वर आला, आणि परत दाबला गेला. पुन्हा. पुन्हा. तिथं खाली ब्रेक नव्हता, गाडीचा नुसता तळ होता. तरी ते दाबत होतं.

चटई खालून सैल झाली असेल. खाली हवा धरली असेल. मी कारणं शोधत होतो आणि माझ्या मांडीवर स्कॅनर शून्य दाखवत होता, शून्य, शून्य. माझंच काम. भीतीला आता पुढं यायला जागा मिळाली.

"काकी," मी म्हणालो.

बनुबाईंनी मागं वळून माझ्याकडं बघितलं. त्या घाबरलेल्या नव्हत्या. चार वर्षं या सीटवर बसणाऱ्या बाईला मी काय दाखवणार होतो? त्यांनी ओठांवर बोट ठेवलं आणि डोळ्यांनी नवऱ्याकडं खूण केली. त्यांना कळू देऊ नको, असं.

पुढं वाढे फाट्याचं वळण दिसायला लागलं. चटई आता सारखी दाबली जात होती, कडा उचलल्या जात होत्या. सुभेदार समोर बघत होते, उजवा बूट गॅसवर घट्ट. गाडी सरळ, मऊ, साठच्या वेगानं चालली होती.

बनुबाईंनी मांडी मोडली. उजवा पाय खाली सोडला, तो सुजलेला, पांढुरका पाय, आणि त्या खळग्यावर सावकाश ठेवला. चटई थांबली.

वळण आलं. सुभेदारांनी इंडिकेटर दिला. रस्त्यावरची नजर न काढता, थोडं वैतागून, रोजच्या घरातल्या आवाजात ते म्हणाले,

"अगं, पाय काढ की. माझ्या पायावर दिलायस. दुखतोय."

गाडी वळली. दवाखान्याचा रस्ता समोर होता.

"आदी पोचूद्या," बनुबाई म्हणाल्या, आणि त्यांनी दुसराही पाय खाली घेऊन त्याच्यावर ठेवला.